बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू नक्की काय करतो? मदत हवी आहे

मंडळी, कोल्हापुरात तालमीतल्या बारक्या पोरांना स्नायू कसा चालतो ते समजवायचंय. कॅल्शियम आलं की मायोसिनची (स्नायूतला जाड प्रथिनाचा तंतू) डोकी ॲक्टिनला (बारीक तंतू) धरून ओढतात, एटीपी (पेशीचं इंधन) मिळालं की पकड सुटते, असं करत सार्कोमिअर (स्नायूतला सगळ्यात छोटा आखडणारा भाग) आखूड होतो, हे अकरावीच्या पुस्तकातनं आणि व्हिडिओतनं कळलं, पोरांनाही पटलं. पण बैठक मारताना खाली जातो तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू जोर लावत असूनही लांब होत असतो, त्याचं कुठंच नीट सापडंना. शिवाय बैठका मारल्यावर मांड्या दुखतात, त्याला कारण म्हणून लॅक्टिक ॲसिड (जोराच्या व्यायामात स्नायूत तयार होणारं आम्ल) सांगू नका, ते तासाभरात उतरतं, दुखणं दुसऱ्या दिवशी येतं. इजा कुणाला नाही, औषध नकोय. तर लांब होताना मायोसिन ओढतच असतं की पकड जबरदस्तीनं तुटते, आणि उठण्यापेक्षा खाली जाण्यानंच जास्त का दुखतं?