नवख्या बारा जणांना कॉफी चाखायला द्यायची आहे: कोणती, किती, कशी?

वाचनालय_फोंडा

आमच्या गावच्या वाचनालयाच्या सभागृहात श्रावणातल्या एका रविवारी दुपारी कॉफी चाखण्याचा कार्यक्रम ठेवतोय. माणसं बारा, वेळ दोन तास. बहुतेक सगळे घरी दूध-साखर घातलेली इन्स्टंट पितात, दोघं-तिघं चिकोरीवाली फिल्टर कॉफी. साहित्यात दोन इलेक्ट्रिक किटल्या (प्रत्येकी १.७ लिटर, १५०० वॅट), हातानं फिरवायचा ग्राइंडर, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, एक पोअर ओव्हरचा कोन (भुकटीवर वरून गरम पाणी ओतून कॉफी गाळायचा) आणि कागदी फिल्टर आहेत. कॉफी किती प्रकारची ठेवावी? पहिल्याच घोटाला काळी कॉफी दिली तर लोक तोंड वाकडं करतील का? पाणी विहिरीचं घ्यावं की आरओचं?

मापात_चव

चारच कॉफ्या ठेवा. पाचव्या-सहाव्या कपाला नवख्या जिभेला फरक कळेनासा होतो. आणि त्या चार अशा निवडा की शेजारी शेजारी ठेवल्यावर वेगळ्या आहेत हे कुणालाही सांगावं लागणार नाही. नवख्याला ‘ही चांगली’ असं सांगून काही हाती लागत नाही, ‘ही त्याच्यापेक्षा वेगळी आहे’ हे त्याला स्वतःला कळलं की तो पुढचं आपणहून विचारतो.

१) चिकमगळूर किंवा कोडगूची धुतलेली, म्हणजे फळाची साल-गर आधी काढून पाण्यानं धुऊन वाळवलेली अरेबिका. कर्नाटकातल्या व्यापारात हिला ‘प्लांटेशन’ म्हणतात.
२) सालीसकट वाळवलेली अरेबिका, शक्यतो त्याच मळ्याची. पाकिटावर ‘नॅचरल’ लिहिलेलं असतं.
३) मॉन्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळ्याच्या दमट हवेत मुद्दाम फुगवलेल्या बिया.
४) धुतलेली रोबस्टा (अरेबिकाहून वेगळी, जास्त कॅफीनची जात). व्यापारात हिला ‘पार्चमेंट’ म्हणतात. ‘कापी रॉयल’ या दर्जाची मिळाली तर उत्तमच. रोबस्टा म्हणजे हलका माल हा समज तिनं मोडतो.

चारही मध्यम भाजलेल्या घ्या. एक फिकी आणि एक काळीकुट्ट असली तर लोक बियांची तुलना न करता भाजण्याची करतील. मॉन्सून्ड बहुधा जरा गडद भाजलेलीच मिळते. तसं असेल तर ते आधी सांगून टाका. पाकिटावर भाजल्याची तारीख पाहा, एक ते तीन आठवड्यांमधली हवी. कालच भाजलेली घेऊ नका, आतला वायू अजून बाहेर पडत असतो आणि चव दबलेली राहते.

हिशोब: चार-चार जणांची तीन टेबलं, प्रत्येक टेबलावर प्रत्येक कॉफीचा एक ग्लास. म्हणजे बारा ग्लास, दर ग्लासाला ११ ग्रॅम कॉफी आणि २०० मिली पाणी. प्रत्येक प्रकारची ३३ ग्रॅम लागेल. शिवाय प्रकार बदलताना ग्राइंडरमधून तीन-चार ग्रॅम दळून फेकून द्यायचे, नाहीतर आधीच्याची भुकटी पुढच्यात जाते. १०० ग्रॅमची पाकिटं पुरतात. ग्लास काचेचे, एकाच मापाचे, २५० मिलीचे. स्टीलचे नकोत: हात भाजतो आणि कॉफी लवकर निवते.

दळण रव्यासारखं, जाडसर. कोरडी भुकटी ग्लासात घालून आधी सगळ्यांना हुंगायला द्या. पाण्याला उकळी आली की झाकण उघडून अर्धा मिनिट थांबा आणि सगळी भुकटी भिजेल असं ओता. ४ मिनिटांनी वर जो थर धरलेला असतो तो चमच्याच्या पाठीनं तीनदा हलकेच मागे ढकलून मोडा. नाक त्या वेळी अगदी ग्लासाशी हवं. सगळ्यात जास्त वास त्या क्षणी सुटतो. मग दोन चमच्यांनी फेस आणि वर तरंगणारा गाळ काढून टाका आणि हात लावू नका. चाखायला सुरुवात १० ते १२ मिनिटांनी. इथेच घाई होते. सहाव्या मिनिटाला घोट घेतला की जीभ पोळते आणि पुढचा तासभर काही कळत नाही. चमचा वरवरच बुडवा, तळ ढवळू नका. त्याच ग्लासांची चव विसाव्या आणि तिसाव्या मिनिटाला पुन्हा घ्यायला लावा. कोमट झाल्यावर गोडवा आणि आंबटपणा वर येतो, आणि भाजण्यातला दोषही लपत नाही.

क्रम वर दिला तोच ठेवा, रोबस्टा शेवटी. नावं झाकून ग्लासांवर फक्त आकडे लिहा. नाव आधी कळलं की लोक नावाची चव सांगतात.

कोकम_आणि_कॉफी

वरची पद्धत योग्य आहे, पण तिनं सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. नवख्यांचा पहिला गोंधळ आंबट, कडू आणि तुरट यांत होतो. तिन्हींना ते ‘कडक’ म्हणतात. म्हणून पहिली दहा मिनिटं कॉफीच नको. तीन जग ठेवा: अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस, कारल्याचे चार-पाच काप अर्धा तास भिजवून गाळलेलं पाणी, आणि दहा मिनिटं मुरवलेला कोरा चहा. आंबटानं लाळ सुटते, कडू गिळल्यावरही रेंगाळतं, तुरटानं जांभूळ खाल्ल्यासारखं तोंड सुकतं. एवढं एकदा अंगी बाणलं की धुतलेल्या अरेबिकाच्या आंबटपणाला कुणी ‘खराब झालीय’ म्हणत नाही.

तोंड वाकडं होण्याबद्दल: होईल, आणि होऊ द्या. पण त्यांची रोजची इन्स्टंटही काळी, बिनसाखरेची, पाचवा ग्लास म्हणून ठेवा. ती दूध-साखरेशिवाय कशी लागते हे बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. तिच्या शेजारी बाकीच्या चार ठेवल्या की भीती जाते.

शब्द परदेशी चव-चक्रावरून (कॉफीच्या चवींच्या नावांचा गोल तक्ता) वाचून दाखवू नका. ब्लूबेरी, जस्मिन यांनी फोंड्यातल्या माणसाला काय कळणार? आपले शब्द द्या. धुतलेल्या अरेबिकात लिंबू, हिरवी कैरी, कधी कोकमाचं आगळ. सालीसकट वाळवलेलीत पिकून पडलेल्या काजूच्या बोंडाचा तो किंचित आंबलेला वास. गोव्यात हा शब्द वापरलात की दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही. मॉन्सून्डमध्ये जुनं लाकूड, मसाल्याचा डबा, आंबटपणा जवळपास नाहीच. रोबस्टात भाजलेले शेंगदाणे, कोको. तोंडातला जाडपणा विचारताना ‘ताकाच्या निवळीसारखी की सोलकढीसारखी?’ असं विचारा.

मॉन्सून्डची गोष्ट मात्र जरूर सांगा. शिडाच्या जहाजांतून कॉफी युरोपला जायला कित्येक महिने लागत आणि दमट हवेनं बिया फुगून पिवळट होत. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, वाफेची जहाजं आली, प्रवास आखूड झाला आणि ती चव हरवली. मग मंगळूरच्या बाजूला किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत पावसाळ्यात बिया पसरून, उलथून-पालथून तोच परिणाम मुद्दाम साधू लागले. आपल्या घरात ज्या हवेनं कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तिच्याच जातीची ही हवा.

आणि स्वच्छतेचं: एका ग्लासात चार जणांचे उष्टे चमचे जाऊ नयेत. ग्लासातला चमचा वेगळा, त्यानं स्वतःच्या छोट्या कपात घ्यायचं आणि तिथून प्यायचं.

आठ_अंश_दमट

पाणी आणि वीज, या दोन गोष्टी वर राहून गेल्या.

कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. टीडीएस मीटरनं मोजा (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलीग्रॅममध्ये). ७५ ते २५० च्या मध्ये हवं, १५० च्या आसपास सर्वांत बरं. घरच्या आरओचं पाणी अनेकदा २०-३० च निघतं. त्यात कॉफी पोकळ आणि टोचरी लागते, कारण चव ओढून घ्यायला आणि आंबटपणा सावरायला पाण्यात थोडे क्षार लागतात. तसं असेल तर त्यात जास्त टीडीएसचं, पिण्याजोगं पाणी मिसळून आकडा वर आणा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर आदल्या रात्री उघड्या पातेल्यात ठेवा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी लोहामुळे तांबूस होत असेल तर मुळीच नको, ती चव सरळ कपात उतरते. काहीही निवडा, पण तिन्ही टेबलांना एकच पाणी.

वीज: १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. दोन्ही एकाच ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावल्या तर वायर तापेल किंवा मधेच वीज जाईल, तेही नेमकं ओतायच्या वेळी. १६ अँपिअरचे दोन वेगवेगळे पॉइंट आधी जाऊन बघून ठेवा. बारा ग्लासांना २.४ लिटर लागतं, ग्लास विसळून गरम करायला आणखी लिटरभर. म्हणजे दोन्ही किटल्या पूर्ण भरून एकाच वेळी चालू हव्यात. श्रावणात वीज जाण्याचा भरवसा नाही, गॅसची शेगडी आणि झाकणाचं पातेलं जवळ असू द्या.

दमट हवेत दळलेली कॉफी उघडी राहिली तर लवकर ओल धरते. बिया फ्रिजमधून काढून लगेच पाकीट उघडू नका, थंड बियांवर दव धरतं. बंद पाकीट आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

वाचनालय_फोंडा

फार उपयोगी. दोन शंका. हाताच्या ग्राइंडरनं दीडशे ग्रॅमच्या आसपास दळायला बराच वेळ जाईल. सकाळी घरी दळून नेलं तर चालेल का? की मिक्सर वापरू? आणि येणाऱ्यांत एक गरोदर बाई आहेत.

मापात_चव

सकाळचं दळण दुपारी नको, वास निघून जातो आणि कोरडं हुंगण्यात काही उरत नाही. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी तिथेच दळा. ११-११ ग्रॅम बिया मोजून एकेक वाटा वेगळा दळा आणि घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यांत भरा. पूर्ण ३३ ग्रॅम दळून मग तिघांत वाटलं तर एका ग्लासात एखादी किडकी बी सगळी जाते की तिघांत पसरते हे कधीच कळत नाही. वेगळं दळलं की खराब ग्लास लगेच उघडा पडतो. दोघांनी आळीपाळीनं फिरवलं तर काम वेळेत होतं. मिक्सर अगदीच नाइलाज झाला तरच: एकेक सेकंदाचे झटके, मधे भांडं हलवायचं, शेवटी पीठ चहाच्या गाळणीतून काढून टाकायचं. सलग फिरवला तर अर्धं पीठ, अर्धे तुकडे होतात आणि त्याच ग्लासात कडू आणि आंबट दोन्ही येतं.

आठ_अंश_दमट

गरोदर बाईंसाठी: दिवसभरात कॅफीन २०० मिलीग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. अकरा ग्रॅम अरेबिकाच्या ग्लासात साधारण शंभर ते सव्वाशे मिलीग्रॅम असू शकतं, रोबस्टात जवळजवळ दुप्पट. चमचा-चमचा घेऊन थुंकलं तर त्यातलं फारच थोडं पोटात जातं. म्हणून प्रत्येक टेबलावर थुंकायला झाकणाचा पेला सगळ्यांसाठीच ठेवा, म्हणजे त्यांना एकट्यांना संकोच वाटणार नाही. तरी त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारायला सांगा. बाकीच्यांनीही दुपारी चारनंतर सगळं गिळलं तर रात्री झोप लागायची नाही.

कोकम_आणि_कॉफी

शेवटच्या अर्ध्या तासासाठी दोन प्रयोग सुचवते. एक चिकोरीचा, फिल्टर कॉफीवाल्यांसाठी. गार पाण्याच्या दोन ग्लासांत वरून चिमूटभर भुकटी सोडा, एकात नुसती कॉफी, दुसऱ्यात चिकोरी घातलेली. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच बुडते आणि मागे तपकिरी रेघ सोडत जाते. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, तिच्यात कॅफीन नाही. रंग आणि दाटपणा मात्र तिचाच. चिकोरीवालीला नावं ठेवू नका, दुधाबरोबर ती छानच लागते. फक्त पाकिटावरचं प्रमाण वाचायला शिकवा.

दुसरा तुमच्या कोनाचा. धुतलेली अरेबिका २० ग्रॅम, पाणी ३०० मिली. खाली एक ग्लास न ठेवता तीन ठेवा आणि दर ८० ते ९० मिलीनंतर बदला. पहिला घट्ट आणि आंबट, दुसरा गोडसर, तिसरा पातळ, कडवट. तिन्हींची चव घेऊन झाली की एकत्र ओता आणि पुन्हा चाखायला द्या. दळण जाड झालं किंवा पाणी घाईनं ओतलं की कॉफी आंबट का होते, आणि फार बारीक दळलं की कडू का, हे त्या तीन ग्लासांत दिसतं. ही कॉफी पहिल्या भागातून काढून ठेवायला विसरू नका, प्लांटेशनचं १०० ग्रॅमचं पाकीट दोन्हींना पुरतं. उरली तर शेवटी गरम दुधाबरोबर पाव-बिस्किटांना लागेलच.