मदत हवी आहे: पाळक महिन्यातून एकदाच, मग कामाची वाटणी कशी?

सर्वांना सलाम. बडोद्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, महिन्यातून एकदाच येतात. प्रभुभोजन, बाप्तिस्मे सगळं त्याच रविवारी. एरवी वडीलजन, म्हणजे मंडळीतली जबाबदार जाणती माणसं, उपासना चालवतात, उपदेशही चांगला करतात. अडतं ते भेटींपाशी. आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायला ठरलेलं माणूस नाही, आणि घरातलं भांडण ओळखीच्या वडीलजनांपुढे कुणी उघड करत नाही; ते साहजिकच आहे. लग्नांचंही तसंच: १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात परवानाधारक पाळकाने नोटिशीनंतर दिलेला दाखला दोनच महिने चालतो, तारीख पुढे गेली की पुन्हा नोटीस.

भेटींसाठी भागवार माणूस नेमावा का? पोटात गोष्ट ठेवणारी माणसं तुम्ही कशी निवडता? बाप्तिस्म्याची नोंदवही कुणाकडे असते?