‘सार्वजनिक वारसा’ म्हणजे नक्की कुणाचा?

खाडीकाठ : रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याबद्दलच्या एका इंग्रजी टिपणाचं मराठी करतेय. ‘पब्लिक हेरिटेज’ला ‘सार्वजनिक वारसा’ लिहिलं आणि वाडीतल्या काकांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “वारसनोंद कुणाची लागली?” वारसा म्हटलं की आपल्याकडे सातबारा, आंब्याची सामायिक कलमं आणि मुंबईचे भाऊ आठवतात. ‘ठेवा’ लिहू का?

जांभाचिरा : ठेवा नको. ठेवा पुरलेला असतो नाहीतर कुलपात. राजवाडा १९१० पासून भर गावात उभा आहे.

लेखणी : ‘वारस’ मूळचा अरबी. आपल्याकडे वाडवडिलांकडून येणाऱ्या संपत्तीला ‘दाय’ आहे, मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रग्रंथापासून चालत आलेला. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत होते, भाषाशुद्धीचा आग्रह त्यांनी इथूनच धरला. त्याच गावाबद्दल लिहिताना तरी आपला शब्द वापरा.

दर्यावर्दी : ‘दाय’ कोणाक कळतला? ‘मिरास’सुद्धा अरबीच, ‘वारस’च्याच धातूतून आलेला, पण मिराशी जमीन म्हणताना कुणाला परकं वाटत नाही. आपला शब्द ‘गावकी’. भावकीचं असतं ते वाटून घ्यायचं, गावकीचं असतं ते राखायचं. देवराई, तळी, देवळाची पोवळी (आवाराची भिंत) सगळी गावकीची.

खाडीकाठ : पण थिबा भावकीतलाही नाही नि गावकीतलाही नाही. ब्रह्मदेशचा राजा, १८८५ साली इंग्रजांनी हद्दपार केला, १९१६ साली इथे वारला. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन गेले. रत्नागिरीकराचं त्या राजाशी रक्ताचं नातं नाही, तरी राजवाडा पडला तर नुकसान रत्नागिरीकराचंच. एवढं सगळं त्या शब्दात यायला हवंय.

जांभाचिरा : मग लोक हक्क कधी सांगतात ते बघा. आमच्या आळीतली पाखाडी उखडून पेव्हर ब्लॉक बसवले. जुन्या पायऱ्या जांभ्याच्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. कडेला पन्हळ होता, पावसाचं पाणी त्यातून थेट वहाळाला जायचं. कामात पन्हळ बुजवला, आता तेच पाणी घरांच्या जोत्यात मुरतं. ‘वारसा गेला’ असं आळीत कुणीच म्हटलं नाही. सगळे म्हणाले, “आमची पाखाडी गेली.” तुमच्या टिपणात ‘आमचा राजवाडा’ लिहा.

लेखणी : सर्वनामाने परिभाषा होत नाही. राज्याचा १९६० चा कायदा ‘प्राचीन स्मारके’ म्हणतो, निदान तो शब्द ठरलेला आहे.

खाडीकाठ : स्मारक गेलेल्या माणसाचं करतात. इथे शाळेची मुलं येतात, संग्रहालय बघतात. चालत्या जागेला स्मारक म्हणायला माझा हात धजत नाही.

कौलारू : पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट? आमच्याकडे वाडीलाच पाखाडी म्हणतात. मुंबईतल्या जुन्या गावठाणांनाही म्हणतात.

लेखणी : ‘पाषाण’वरून ‘पाखाण’, त्यावरून पाखाडी. दगडी वाट हाच मूळ अर्थ असणार.

दर्यावर्दी : मला पटत नाही. घराला पाखं असतं तसं डोंगरालाही पाखं असतं, उतरतं. पाख्यावरची ती पाखाडी. म्हणजे उतारावरची वाटही आली आणि उतारावरची वाडीही. पाषाण धरलात तर वाडी बाहेर राहते.

लेखणी : मग सपाटीवरच्या वाडीला पाखाडी का म्हणतात? मुंबईतली गावठाणं काय सगळी उतारावर आहेत?

जांभाचिरा : आमची उतारावरच आहे. बाकी ठिकाणचं तिथल्यांनी सांगावं.