ईम्सचे लघुपट म्हणजे खुर्च्यांची जाहिरात? मुळीच नाही

पटाशी (धागाकर्ता)
काल एका धाग्यावर वाचलं : ईम्स हे विसाव्या शतकातलं अमेरिकन डिझायनर दांपत्य मुळात खुर्चीवालं, लघुपट हा खुर्च्यांच्या पैशांवर पोसलेला छंद. वाचून डोकं फिरलं. छंद म्हणून कुणी शंभराहून जास्त लघुपट करत नाही.

१९५७ चा 'टोकाटा फॉर टॉय ट्रेन्स' बघा. खेळण्यातल्या जुन्या आगगाड्या, एल्मर बर्नस्टाइनचं संगीत, आणि चार्ल्स ईम्स निवेदनात सांगतो की चांगल्या जुन्या खेळण्यात लाकूड हे लाकूडच असतं, पत्रा हा पत्राच. आता त्यांची एलसीडब्ल्यू ही प्लायवूडची खुर्ची आठवा. बैठक आणि पाठ सलग वाकवायला गेलं की प्लायवूड वळणावर तडकायचं. मग त्यांनी दोन तुकडे वेगळे केले, रबराच्या चकत्यांवर बसवले आणि ते वेगळेपण उघड दिसू दिलं. खुर्चीत जो विचार आहे तोच लघुपटात आहे.

गिरगावकर
विचार वगैरे ठीक आहे, पैसा कुणाचा ते सांगा. 'पॉवर्स ऑफ टेन' हा लघुपट आयबीएम या संगणक कंपनीसाठी केला. १९५९ मध्ये मॉस्कोत सात पडद्यांवर दाखवलेला 'ग्लिम्प्सेस ऑफ द यूएसए' तर अमेरिकन सरकारचा प्रचार. आणि सामान्यांसाठी स्वस्त फर्निचर म्हणत १९५६ मध्ये लाउंज चेअर ही आरामखुर्ची आणली, ती तेव्हाच तीनशे डॉलरच्या वर होती. आज ती फक्त कंपन्यांच्या मालकांच्या केबिनमध्ये दिसते.

रेखाटन
दोघांनाही एक विचारते. चार्ल्सची बायको आणि कामातली जोडीदार रे कुठे आहे? धाग्यात 'चार्ल्स सांगतो' आहे, 'दांपत्य' आहे, पण रेचं नाव एकदाही नाही. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने प्रदर्शन भरवलं त्याचं नावच होतं 'चार्ल्स ईम्सने डिझाइन केलेलं नवं फर्निचर'.

पटाशी
ताई, मुद्दा रास्त आहे, पण इथला विषय लघुपटांचा आहे. वेगळा धागा काढा ना.

रेखाटन
नाही काढणार! दर वेळी बाईचं नाव आलं की वेगळा धागा. आमचं नवराबायकोचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. नकाशे मी काढते, स्लॅबच्या दिवशी उन्हात मी उभी असते, आणि क्लायंट मलाच फोन करून विचारतो, 'साहेब आहेत का?' लाउंज चेअर पहिल्यांदा टीव्हीवर आली त्या कार्यक्रमात रेची ओळख 'यशस्वी पुरुषामागची स्त्री' याच थाटात करून दिली होती. ते दृश्य मला बघवत नाही.

गिरगावकर
तुमच्या ऑफिसचं वाईट वाटतं, पण तो पुरावा नव्हे. रेने नेमकं काय केलं ते सांगा.

सालपाट
मी सांगतो, प्लायवूडच्या धंद्यात केस पिकलेत. महायुद्धात या दोघांनी अमेरिकन नौदलासाठी जखमी पायाला बांधायच्या प्लायवूडच्या खपच्या केल्या, सुमारे दीड लाख. प्लाय एका दिशेने सहज वळतं, दोन दिशांनी वळवलं की फाटतं. त्या खपचीत जागोजागी फटी ठेवल्यात, त्यामुळे ताण सुटतो आणि पट्टीही त्यातूनच ओवता येते. रे ही हान्स हॉफमन या चित्रकाराकडे शिकलेली चित्रकार. त्याच काळात ती प्लायवूडची शिल्पंही करत होती. ती शिल्पं आणि खपची शेजारी ठेवून बघा, वळणं एकाच हातची वाटतात. आमच्याकडे मात्र फॉर्मायकाखाली काहीही दडपतात आणि गिऱ्हाईक खूश! गेल्या महिन्यात एकाला मरीन प्लाय...

रेखाटन
धन्यवाद, दादा. आणखी एक. भारत सरकारने बोलावल्यावर १९५८ मध्ये 'इंडिया रिपोर्ट' लिहिला गेला. साध्या लोट्याचं एवढं मनापासून कौतुक दुसऱ्या कुणी केलेलं मला माहीत नाही. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था त्यातून उभी राहिली. त्या अहवालावर चार्ल्स आणि रे, दोघांचीही नावं आहेत. इथे जमलं ते न्यूयॉर्कला का जमू नये?

पटाशी
बरं, मानलं. लघुपटही दोघांचेच, हे मी आधीच लिहायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल तर तेही मान्य. पण गिरगावकर, तुम्ही सटकू नका. 'पॉवर्स ऑफ टेन' तुम्ही पाहिलाय?

गिरगावकर
अकरावीला, फिजिक्सच्या सरांनी दाखवला होता. शिकागोला तळ्याकाठी सहलीला आलेलं जोडपं, मग दर दहा सेकंदांनी दसपट लांब. घातांक मला फळ्यावर कधी कळले नव्हते, त्या दिवशी कळले. तरी पैसा आयबीएमचाच.

सालपाट
मग 'टॉप्स' कुणाच्या पैशासाठी? १९६९ चा. देशोदेशीचे भोवरे गुंडाळले जातात, फिरतात, डगमगतात, कलंडतात. सबंध लघुपटात एक शब्द नाही. त्यात विकायला काय आहे?

गिरगावकर
भोवऱ्यांचं सोडून देतो, त्यात काही विकलेलं नाही. पण मॉस्कोचे सात पडदे मी सोडणार नाही. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.