मदत हवी आहे: १९८४ ची बुलेट साठच्या पुढे अडखळते

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८४ ची बुलेट ३५० आहे, उजव्या पायाला गिअर, पॉइंटवाली (म्हणजे ठिणगी उघडझाप करणाऱ्या जुन्या कॉन्टॅक्टवर). सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, गेल्या दिवाळीत बाहेर काढली. इथं सोलापुरात, गावात काही म्हणजे काही तक्रार नाही. सात रस्ता, पार्क चौक, नवी पेठ, कुठंही न्या, दोन किकमध्ये चालू. रडगाणं सुरू होतं ते तुळजापूर रोडला.

रूपाभवानीच्या पुढे रस्ता मोकळा झाला की चौथ्या गिअरला साठपर्यंत छान ओढते. पासष्टला मूठ आणखी पिळली की मागून कुणीतरी कॅरिअर धरून ठेवल्यासारखं होतं. दोन-तीन झटके, सायलेन्सरमधून एखादा फट्, आणि वेग तिथंच. मूठ जराशी सोडली की लगेच सावरते. ॲमीटरचा (बॅटरीचा करंट दाखवणारा) काटा त्या वेळी जागचा हलत नाही, म्हणून वायरिंगवर माझा संशय नाही.

आणखी एक विचित्र प्रकार. याच वेगात बारा-चौदा किलोमीटर गेलं की गाडी हळूहळू दम टाकते आणि बंद पडते. पेट्रोल संपलं की काय म्हणून झाकण उघडून बघतो, तर अर्धी टाकी भरलेली. किक मारली की चालू, आणि पुन्हा तेवढंच अंतर ठीक. उळ्याच्या अलीकडचा चहावाला आता मला ओळखतो.

आतापर्यंत केलेलं: प्लग नवा. पॉइंटची गॅप ०.४ मिमी. कंडेन्सर बदलला, फरक नाही, जुना परत लावला (नव्यापेक्षा त्याच्यावर माझा जास्त भरवसा आहे). कार्ब्युरेटर मिकार्बचा व्हीएम २४, दोनदा उघडून साफ केला. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर, पुशरॉड बोटांनी फिरेल पण वरखाली हलणार नाही इतपत. टाकी आतून गंज काढून बाहेरून रंगवून घेतली. जुना सायलेन्सर सडला होता, भाच्याच्या हट्टानं मोकळ्या आवाजाचा बसवला. प्लग काढून बघितला तर पांढरट.

एक मिस्त्री म्हणतात बोअर करा, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा पिस्टन टाका. दुसरे म्हणतात पॉइंट फेकून इलेक्ट्रॉनिक बसवा. धूर नाही, कॉम्प्रेशन असं की किक उलटी बसते, मग बोअर कशाला करू? आईला नवरात्राआधी याच गाडीवरून तुळजापूरला जायचंय, वडील तिला असंच न्यायचे. ४५ किलोमीटरच आहे, पण वाटेत तिला उन्हात उभं करायचं नाही. सुरुवात कुठून करू, सांगा की.

जुना_पॉइंट:
दादा, बोअरला हात लावू नका. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही ती एकच समजताय.

बंद पडण्याचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. दर वेळी झाकण उघडताय म्हणून गाडी चालू होते. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि धार तुटते. गावात कळत नाही, कारण तिथं पेट्रोल थेंबथेंब लागतं. कार्ब्युरेटरची नळी काढून बाटलीत सोडा, एकदा झाकण लावून, एकदा उघडून.

झटक्यांचं कारण बहुतेक कमी पेट्रोल, जास्त हवा. मूठ सोडली की सावरते आणि प्लग पांढरा, दोन्ही तेच सांगतात. मोकळा सायलेन्सर लावला पण मेन जेट (मूठ पूर्ण पिळल्यावर पेट्रोल मोजून सोडणारं कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक) जुनाच ठेवला, हो ना? त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्यानं मिश्रण आणखी पातळ होतं. ऊस आपल्याच जिल्ह्याचा, तक्रार कुणाकडे करणार! रिकाम्या रस्त्यावर, झटके सुरू झाले की चोक अर्धा लावून बघा. सुधारली तर जेट मोठा लागेल, आणखी बिघडली तर उलटं.

किकमास्तर:
वरच्याशी सहमत. तरी डिस्ट्रिब्युटरमधली ॲडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) हातानं फिरवून बघा. सहा वर्षं उभ्या गाडीत ग्रीस वाळून ती चिकटतात, मग वेग वाढला तरी टायमिंग पुढे सरकत नाही.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. झाकण उलटं करून भिंगानं बघितलं, तर रंगाऱ्यानं भोकात लॅकर भरून ठेवलेलं! सुईनं मोकळं केलं. त्याआधी बाटलीची परीक्षा घेतली होती: झाकण लावून धार बारीक होत थेंबांवर आली, उघडल्यावर सूं करून पुन्हा सुरू. काल तामलवाडीपर्यंत जाऊन आलो, एकदाही बंद पडली नाही. चहावाल्यानं लांबूनच हात केला.

वजनं मोकळी आहेत, स्प्रिंगही ठीक. पासष्टचे झटके मात्र तसेच. चोक अर्धा लावल्यावर पंचाहत्तरपर्यंत गेली, म्हणजे जेटच. आत शंभर नंबरचा निघाला. एकशे पाच आणि एकशे दहा दोन्ही मागवलेत, आधी एकशे दहा लावून प्लगचा रंग बघतो. सोबत कार्ब्युरेटरच्या सुईची (अर्ध्या मुठीचं पेट्रोल ठरवते ती) क्लिपही एक खाच खाली घ्यायची का?

जुना_पॉइंट:
नको. अर्ध्या मुठीला तक्रार नाही म्हणता ना, मग सुई आहे तिथंच राहू द्या. प्लग बघताना पूर्ण वेगात क्लच दाबून तिथंच इंजिन बंद करा. हळू चालवत घरी येऊन बघाल तर वेगळाच रंग दिसेल.