मदत हवी आहे: आईच्या संधिवाताच्या गोळ्या, अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक

आई ६८ वर्षांची, सांगलीला असते. ऱ्हुमॅटॉइड संधिवातामुळे मेथोट्रेक्सेट आणि प्रेडनिसोलोन बरीच वर्षं चालू आहे. लघवीचं इन्फेक्शन झालं म्हणून तिथल्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह हे अँटिबायोटिक दिलं आणि मेथोट्रेक्सेट तूर्त थांबवलं. मग पोट बिघडलं. दिवसातून तीन-चारदा पातळ होतंय. ताप नाही, रक्त नाही. त्यावर सॅकरोमायसिस बोलार्डी या प्रोबायोटिकच्या (पोटाला उपयोगी म्हणून देतात ते जिवंत सूक्ष्मजीव) कॅप्सूल आल्या. आता तोंडात पांढरे चट्टे आलेत म्हणून फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषधही सुरू झालंय.

इथे माझं डोकं चालेना. बोलार्डी हे यीस्ट, म्हणजे एक बुरशी, आणि अँटिबायोटिक मारतं जीवाणूंना; म्हणून ते चालू असतानाही बोलार्डी टिकतं. पण फ्लुकोनॅझोल तर यीस्ट मारायलाच देतात ना? मग दोन्ही एकदम घेऊन काय साधणार? फोनवर विचारलं तर "राहू द्या, त्याने काही होत नाही" एवढंच उत्तर मिळालं.

त्यात मावशीने 'इम्युनिटी'ची पावडर पाठवलीये. पाकिटावर डझनभर जीवाणूंची नावं, पण स्ट्रेन (एकाच जीवाणूचा नेमका उपप्रकार) नंबर एकाचाही नाही. अहो, आईची प्रतिकारशक्ती तिच्याच सांध्यांवर उलटलीये, ती आपण गोळ्यांनी दाबतोय. ती 'वाढवायची' म्हणजे नेमकं काय करायचं?

थोडं वाचलं. ओडिशातल्या साडेचार हजार नवजात बाळांवरचा अभ्यास २०१७ साली आला. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक ठरावीक स्ट्रेन आणि त्याला पोसणारी साखर दिल्यावर जंतुसंसर्ग बराच कमी झाला. उलट २००८च्या डच अभ्यासात स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलं, तर त्या गटात मृत्यू १६ टक्के आणि दुसऱ्या गटात ६. म्हणजे कोणता स्ट्रेन आणि कोणाला, यावर सगळं अवलंबून. पण माझ्या आईसारख्या पेशंटचं काय, ते सापडेना. कोणाला अनुभव आहे का? की सरळ संधिवाताच्या डॉक्टरांनाच गाठू?

कृष्णाकाठ: ताई, त्यांनाच गाठा, आणि आजच. मी मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. बोलार्डी आणि फ्लुकोनॅझोलबद्दल तुमची शंका रास्त आहे. शिवाय प्रतिकारशक्ती दबलेल्या किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) लावलेल्या पेशंटमध्ये हेच यीस्ट क्वचित रक्तात उतरतं, म्हणून त्यांना ते सहसा टाळतात. आईंचा प्रेडनिसोलोनचा डोस किती आहे ते फोनवर आधी सांगा, पण ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका.
पावडर मावशीला परत. रागावली तर रागावली.

बिनसाखरेचा: घरचं ताक द्या की, आमच्याकडे सगळ्यांना चालतं!

कृष्णाकाठ: पचत असेल तर ताक द्या, पण जेवण म्हणून. विरजणात कोणते जंतू किती, हे घरोघरी वेगळं; त्याला औषध समजू नका. ओआरएस मात्र चालू ठेवा. जुलाब वाढले, ताप आला किंवा पोटात कळा आल्या तर शौचाची सी. डिफिसिल (अँटिबायोटिकनंतर जुलाब करू शकणारा जीवाणू) तपासणी करायची का ते विचारा, आणि तोवर जुलाब थांबवायची गोळी परस्पर देऊ नका.

धागाकर्ती: आभार! संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलणं झालं. कॅप्सूल बंद करायला सांगितल्या, उद्या शौचाची तपासणी आहे. मेथोट्रेक्सेट पुन्हा कधी सुरू करायचं ते रिपोर्ट बघून ठरवणार आहेत. मावशीला कोण सांगणार, हा प्रश्न उरलाय.