सायकिॲट्री वॉर्डमध्ये सिस्टर एवढे प्रश्न का विचारतात?

कोपरखैरणेकर_पल्लवी:
काकांना (वय ६२) परवा वाशीत सायकिॲट्री वॉर्डला ॲडमिट केलंय, झोप नाही, शेजारी आपल्याबद्दल बोलतात म्हणतात, जेवण जवळजवळ बंद. डॉक्टर बघून गेले पण त्यानंतर सिस्टर पाऊण तास बसली. आज तारीख कोणती, हे कुठलं ठिकाण, १०० मधून ७ वजा करत जा.. काका आयुष्यभर अकाउंट्सला होते, ते भडकलेच, म्हणाले मला काय बालवाडीत बसवताय का. मग विचारलं 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणजे काय. मी मध्ये सांगायला गेले तर मला गप्प बसवलं. आणि सरळ तोंडावर, जगणं नकोसं वाटतं का, मरायचा विचार येतो का?? नसलेलं डोक्यात घालायचं का माणसाच्या? रात्रीच्या सिस्टरने परत तेच. हे नॉर्मल आहे का?

सिस्टर_ठाणेकर:
नॉर्मल आहे गं. मी सायकिॲट्रीतच आहे, स्टुडंट असताना ठाण्याच्या मेंटल हॉस्पिटलला पोस्टिंग होती तेव्हा आम्हालाही हे प्रश्न विचारताना लाज वाटायची. याला मेंटल स्टेटस एक्झामिनेशन म्हणतात, म्हणजे मनाची आत्ताची अवस्था तपासणं. वजाबाकी येते की नाही हे बघायचंच नसतं, लक्ष टिकतं का ते बघायचं असतं, ९३, ८६ म्हणून मध्येच हरवतात का. म्हणीचंही तसंच, कोणी म्हणालं 'अंगण वाकडं असेल तर लादी नीट बसवून घ्या' तर आम्ही ते जसंच्या तसं लिहून घेतो, कारण शब्दाच्या पलीकडचा अर्थ लागत नाहीये. अर्थात शाळा किती झाली हेही बघावं लागतं. तू उत्तर दिलंस तर सिस्टरला काय कळणार? आणि ती फक्त उत्तरं ऐकत नसते, अंगावरचे कपडे, नजर, बोलण्याचा वेग, कोणीच नसताना कोपऱ्याकडे बघतात का, सगळं टिपते.

मरणाच्या प्रश्नाचं म्हणशील तर तो विचारल्याने विचार डोक्यात येत नाही, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं की कोणीतरी विचारलं एकदाचं. 'हो' म्हणाले तर पुढे काही ठरवलंय का, कसं, साधन हाताशी आहे का हेही विचारतात, कारण बेड कुठला द्यायचा, सोबत कोण ठेवायचं ते त्यावर ठरतं. रात्री परत विचारतात कारण दुपारी नीट बोलणारा माणूस रात्री गोंधळला तर तो आजार वेगळाही असू शकतो, वयस्कर माणसात लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी झालं तरी असं होतं.

घोडबंदर_रोडवाला:
ताई तुम्ही चांगल्या असाल हो, पण सगळीकडे असं नाही. माझ्या भावाच्या वेळी एका ठिकाणी सिस्टरने मान वर न करता फॉर्मवर टिकमार्क केल्या नि गेली, पेशंट भिंतीकडे तोंड करून होता.

सिस्टर_ठाणेकर:
होतं तसं, खोटं कशाला बोलू. एका ड्युटीला किती पेशंट असतात ते बघा मग कळेल, तरी मान वर न करता टिकमार्क करणं मला पटत नाहीच. पल्लवी, काकांना दारू, झोपेच्या गोळ्या असलं काही होतं का? नातेवाईक नेमकं हेच लपवतात. शेवटचा पेग कधी घेतला आणि हात पुढे करून बोटं पसरा, हे विचारलं असेल बघ. दारू अचानक सुटली की दोन-चार दिवसांत माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो, फीट येऊ शकते, आणि घरच्यांना वाटतं वेड लागलं.

कोपरखैरणेकर_पल्लवी:
हात पुढे करायला लावले होते!! आणि कापत होते. दारू नाही पण काकू आत्ता सांगतेय की काका झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी घ्यायचे कित्येक वर्षं, मेडिकलवाला ओळखीचा, गेल्या आठवड्यात तिनेच बंद केली कारण सवय लागली म्हणून. डॉक्टरांना सांगितलं नाही, काय म्हणतील म्हणून. उद्या राऊंडला सांगू ना?

सिस्टर_ठाणेकर:
उद्या नको, आत्ता वॉर्डला फोन लाव, ही गोळी अचानक बंद केली तरी दारू सुटल्यासारखंच होतं. किती एमजी, दिवसाला किती, शेवटची कधी घेतली एवढं सांग, स्ट्रिप असेल तर घेऊनच जा. आणि काकूला कोणी बोलू नका.